धुरळ्यातली फौज

माझे वडील अण्णा लग्नाचे आचारी, आणि त्यांचा आवडता विषय म्हणजे देवगिरीचा वेढा. लग्नाच्या स्वयंपाकाला निघालो की टेम्पोत पातेल्यांच्या मधे बसून ते तो दर वेळी सांगत. यादव दोन चुकांनी हरले, म्हणत. धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती कुणी उघडून पाहिली नाहीत. आत मीठ निघालं. आणि बाहेर मैदानात लढाई जिंकत आली असताना लांबून धुरळा दिसला. दिल्लीची मोठी फौज आली असं वाटून आपली माणसं पळत सुटली. धुरळ्यात होते थोडेसे स्वार, शत्रूनंच मागं ठेवलेले.

"भानू, धुरळा दिसला की आधी घोडे मोजायचे."

मी कॉलेजात ग्रंथपाल. जुन्या इतिहासकारांच्या सांगण्यावर किती विसंबायचं, यावर मी त्यांच्याशी वाद घालायची. ते पळी उगारून म्हणायचे, "पुस्तक ठेव, कांदा चिर."

महिन्यापूर्वी अण्णा गेले. तेरावा होतो न होतो तोच लासूर स्टेशनचा एक आचारी उस्मानपुऱ्यात घरी आला आणि भांडी विकत मागू लागला. आशाबाई त्याच्यासमोर पदर खोचून उभ्या राहिल्या. अण्णांच्या स्वयंपाकघरातल्या पोळ्यांचा कारभार कैक वर्षं त्यांच्याकडे.

"पडेगावचं लगीन अण्णांनी घेतलेलं हाय. ते व्हऊ द्या, मग बोला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते जेवण नीट झालं तर स्वयंपाकघर मी चालवीन. नाही झालं, तर भांडी तुमची."

लग्नाच्या सकाळी मी आधी सगळी पोती उघडायला लावली. गहू, तांदूळ, तूरडाळ, साखर. सगळं जिथल्या तिथं.

"मिठाचं पोतं बी चाखून बघता का?" आशाबाईंनी विचारलं. बाया खिदळल्या.

मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "खारट आहे."

अण्णा गेल्यापासून आमच्या चुलाणापाशी पहिल्यांदाच हसू फुटलं.

ऊन चढलं. वरण उकळलं, जिलब्या पाकात पडल्या, आणि मुलीचे वडील कारभारीकाका मांडवातून धावत आले. हातात पाण्याची भरलेली बादली.

"घात झाला, ताई! आमच्या पुतण्याला, सांडूला, सांगितलं व्हतं, नवरदेवाच्या गावात घरटी एक माणूस सांग. त्या येड्यानं चूलबंद आवतण दिलं!"

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर जेवायला यायचं.

"आत्ताच फोन आला. दौलताबाद रस्त्यानं ट्रॅक्टरची रांग लागलीय, धुरळ्यानं काय दिसंना. वरणात पाणी ओततो. जिलबी एकेकच वाढा. अन् लासूरवाल्याला बोलवून घेतो, त्याची माणसं तयारच हायत."

पाणचट वरण एकदा पानात पडलं की अण्णांचं नाव त्याच पानात संपणार होतं. बादली पातेल्यावर कलली. आणि एकदम कानात तो एक शब्द वाजला. धुरळा!

मी त्यांचं मनगट धरलं. "काका, बादली खाली ठेवा. मी घोडे मोजून येते."

"कशाचे घोडे? ट्रॅक्टर हायत ते!"

"तेच मोजते. आशाबाई, मी फोन करेपर्यंत वरणाला कुणी हात लावायचा नाही."

"लावून तर बघू दे," म्हणत आशाबाई लाटणं घेऊन पातेल्यापाशी उभ्या राहिल्या.

स्कूटर मी कधी इतकी पळवली नव्हती. पुढच्या चढावर रस्त्याचं काम चाललं होतं, आणि त्या पलीकडून खरोखरच एक फौज येत होती. मागं देवगिरीचा कडा, पुढं तांबूस धुरळ्याचा लोट, त्यातून ट्रॅक्टरांची धडधड. परत फिरावंसं वाटलं. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला लावली आणि मुरमाच्या ढिगावर चढले.

पहिल्या ट्रॉलीत फेटे. दुसरीत फेटे, नव्या साड्या, पिपाण्या वाजवणारी पोरं. तिसरीत घमेली, गोधड्या, बांधलेल्या कोंबड्या. चौथीतही तेच.

"लग्नाला का?" मी ओरडले.

"कुठलं लगीन, बाई!" तिसरीतली बाई ओरडली. "ऊस तुटला, घरी चाललो!"

मागच्या सगळ्या ट्रॉल्या ऊसतोडीच्या. फौज फक्त पुढच्या दोन ट्रॉल्यांची. मी ढिगावर उभ्या उभ्या फोन लावला.

"आशाबाई, तांदळाचं आणखी एक पातेलं चढवा. डाळ वेगळी शिजत घाला. पाणी नाही, डाळ!"

"चढवलंच समजा!"

दोन ट्रॉल्यांच्या पुढं मी स्कूटर काढली. पाहुणे हातपाय धुऊन बसेपर्यंत भाताला वाफ आली होती. पानं मांडली, वाढून झालं. वरण घट्ट होतं. कारभारीकाका स्वतः तुपाची वाटी घेऊन फिरत होते, आणि सांडूला जिलबीच्या ताटाला जुंपलं होतं.

पण कुणी घास उचलेना. पंगत माझ्याकडं पाहत होती. जेवणाआधीची ललकारी नेहमी अण्णा देत. लढाईतलीच ती, पानावरही तीच. अण्णा गेल्यापासून ती कुणी दिलीच नव्हती. आशाबाईंनी अण्णांची पळी माझ्या हातात दिली.

मी पातेल्याच्या काठावर ती आपटली.

"नमः पार्वतीपते!"

आवाज मधेच फुटला. पण मांडव हलेल असा पंगतीचा जबाब आला, "हर हर महादेव!"

"लासूरवाल्याला काय सांगू?" गलक्यात आशाबाईंनी विचारलं.

"सांगा, भांडी रिकामी नाहीत," मी म्हटलं, आणि डोळे पुसून भात घेऊन दुसऱ्या ओळीत शिरले.