हुकल्याचा गुण

क्लेटननं फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, सवयीनं त्यावर फुंकर घातली आणि टाकला. वीस बाजूंचा निळा फासा कॉफीच्या मगाला आपटून माघारी फिरला, डगमगला आणि थांबला. तीन.

"कुलपात सळई मोडली," मेरेन म्हणाली. "दार बंदच."

ती टेबलाच्या टोकाला, पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसली होती. खेळ ती चालवायची. किल्ला, खंदक, पहारेकरी, त्यांचे कुत्रे, सगळे तिच्या तोंडून यायचे, आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. तिचा नवरा क्लेटन हा ओबेड नावाचा चोर. शाळेपासूनची मैत्रीण लिओना तिरंदाज. आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा, दारातून वाकून आत येणारा ड्वाइट ही एक खाष्ट म्हातारी जोगीण. ही जोगीण तो जीव ओतून करायचा; तिच्या तोंडी शिव्यासुद्धा प्रार्थनेच्या चालीवर यायच्या.

रसीन गावातल्या त्यांच्या घरात महिन्याभरानं आज पुन्हा टेबल मांडलं होतं. एप्रिल लागला तरी अंगणाच्या कडेला काळवंडलेला बर्फ होता आणि तळ्यावरून येणारा वारा खिडकीच्या फटीतून घुसत होता. आल्या आल्या ड्वाइटनं पेकनचे दाणे भरलेलं क्रिंगल, तिथल्या बेकरीतला गोड पाव, मेरेनच्या हातात कोंबलं होतं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं आणि मग बुटांच्या नाड्या सोडायला जो वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला होता. लिओनानं न विचारता सिंकमधली भांडी धुऊन टाकली होती. इस्पितळाचं नाव कुणीच काढलं नाही. मेरेननंच म्हटलं, "चला, बसू या."

"लिहून घे गुण," ती आता क्लेटनला म्हणाली.

नियम तिनंच आणलेला. पूर्वी राक्षस लोळवला, खजिना हाती लागला की अनुभवाचे गुण मिळायचे. पुरेसे साठले की आपलं पात्र एक पायरी वर चढायचं. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात, दुसऱ्या वेळी इस्पितळातून रिकाम्या हातांनी परतल्यावर, तिनं ते उलटं केलं. फासा हुकला की गुण. जिंकून माणूस काय शिकतो, असं ती म्हणाली होती. शिकतो तो हरल्यावर. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या होत्या, की आता आपल्याला आधीपेक्षा जास्त कळलंय. ड्वाइटनं कुरकुर केली होती, "म्हणजे माझ्या म्हातारीनं राक्षस मारायचे आणि बढती या धडपड्याला?" पण पुढे तोही रुळला.

"घे की रे, लाजतोस काय!" ड्वाइट जोगिणीच्या किनऱ्या आवाजात म्हणाला. "एकाच कुलपाला तिसऱ्यांदा हुकलास, बाळा. असाच हुकत राहा, बघता बघता आमच्या सगळ्यांच्या पुढे—"

तो थांबला. हसू तसंच तोंडावर राहिलं, आणि मानेपासून वर लाली चढत गेली.

"मला तसं नव्हतं म्हणायचं," तो आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला. "मेरेन, अगं, देवाशप्पथ..."

"माहितीये," मेरेन म्हणाली. "क्लेटन, गुण."

क्लेटननं पेन्सिल उचलली नाही. बोटानं ती थोडी लांब सारली.

"नको मला."

"नियम आहे."

"असू दे. मला नको."

"सगळ्यांना सारखा नियम आहे, क्लेटन. हुकलं की गुण. त्यातून काहीतरी शिकायला मिळतं म्हणून—"

"काय शिकलो आपण?"

तो ओरडला नाही. मीठ मागावं तसं त्यानं विचारलं. लिओना हातातल्या बशीकडे बघत राहिली.

मेरेननं आडोशामागचे फासे गोळा केले, एका ओळीत लावले. मग म्हणाली, "मी शिकले. पहिल्या वेळी त्याच दिवशी आईला फोन केला होता. दुसऱ्या वेळी तीन महिने गप्प बसले. या वेळी तुलासुद्धा आठवडाभर सांगितलं नाही. रोज तुझ्यासमोर बसून जेवत होते आणि सांगत नव्हते." तिनं एक फासा उचलून पुन्हा ठेवला. "पाळणा नाही आणला. खोलीला रंग नाही दिला. सहावा लागला तरी पोटावर हात ठेवायची नाही मी. शिकले ना."

ड्वाइट उठू लागला. लिओनानं त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

"मी नाही शिकलो," क्लेटन म्हणाला. "म्हणून गुण नको. मी तिन्ही वेळा तेच केलं."

"काय केलंस?"

त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "नाव ठेवलं."

घरी आणेपर्यंत नाव नाही, हे मेरेननं पहिल्या वेळेनंतर बजावलं होतं. नाव नसलं की जाणाऱ्याला हाक मारावीशी वाटत नाही, असा तिचा हिशेब. इस्पितळात नर्स हळूच विचारायला आली, बाळाच्या कार्डावर नाव लिहायचंय का, तेव्हा तिनं नकारार्थी मान हलवली होती. क्लेटन खिडकीशी पाठमोरा उभा होता. तो खालच्या गाड्या बघतोय असं तिला वाटलं, आणि त्याचा तिला रागही आला होता. अशा वेळी गाड्या काय बघतोस, असं तोंडावर आलेलं तिनं गिळलं होतं.

"तुला नको होतं म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "कामावर जाताना गाडीत बोलायचो त्याच्याशी. आज खूप थंडी आहे, आज तुझी आई हसली, असं काहीबाही. वेडेपणा."

"काय नाव?"

"मेरेन, राहू दे."

"काय नाव ठेवलं होतंस?"

"एमिल."

तिनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. ओठ मिटले, उघडले, आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा तो फुटला, आणि ड्वाइटनं आपल्या मोठ्या पंजांत तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे गदगदत होते.

"आम्ही निघतो," लिओना पुटपुटली.

"बसा," मेरेन म्हणाली. "तुम्हीही ऐका."

तिनं पुठ्ठ्याचा आडोसा घडी करून जमिनीवर ठेवला. खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि क्लेटनच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली.

"आधीच्या दोघांची नावं?" ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. "दोन्ही सांगू?"

"एकदम नको," मेरेन म्हणाली. "एकेक सांग."