अडकली नाही म्हणून

आमच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत माणसाची किंमत फोनवर ठरायची. गिऱ्हाइकाने फोन करून ज्या मेकॅनिकचे आभार मानले, त्याच्या नावापुढे साहेब फळ्यावर रेघ मारत. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढलं की तो आभार मानणारच. माझ्या भागात लिफ्टा अडकतच नसत. मी दाराच्या रुळातली घाण काढत होतो, ब्रेक तपासत होतो, त्याबद्दल कोण कशाला फोन करतो? सगळ्यात जास्त रेघा हिरोच्या. त्याला हे नाव आम्हीच दिलेलं.

यंदाही हेड मेकॅनिक झालो नाही, तर मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं मी बायकोला सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "बसाल हो. पण तिथल्या शटरला ग्रीस लावत बसाल."

मूल्यमापनाच्या दिवशी साहेब म्हणाले, "काम ठीक आहे तुझं. पण तुझ्या नावाचा एकही फोन नाही." माझं डोकं सणकलं. मी उठणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी सवयीने स्पीकर लावला, कौतुक सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

"तुमच्या त्या अबोल मिस्त्रींचे आभार मानायचे होते."

"कुठे अडकला होतात?"

"अडकलो नाही, म्हणूनच तर. मी रजेवर होतो तेव्हा माझा भाग त्यांच्याकडे होता. परत आलो, तर एकही लिफ्ट बंद पडेना."

आवाज हिरोचा होता. साहेब उठून फळ्यापाशी गेले. मग त्यांनी सगळ्या रेघा पुसल्या आणि म्हणाले, "हेड तू."

हिरो जिन्यात उभा होता, फोन अजून हातातच. मी म्हणालो, "अरे शहाण्या, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास."

"दादा, परवा पोरीबरोबर सगळं जेवण बसून जेवलो. मधे कुणी बोलावलंच नाही. ती म्हणाली, बाबा, आज काम नाही का?"

मी त्याचा हात धरला.

एका फोनमुळे हेड झालो, हे घरी सांगितल्यावर बायकोने आधी एकच विचारलं. "शेवटी तुमच्यासाठी फोन केला तरी कोणी?"

"ज्याची बढती गेली, त्याने," मी म्हणालो.

तिने त्याला उद्या लेकीसकट जेवायला बोलावलं.