दोन बोटं जास्तीची

विश्रांती घ्यायला म्हणून मी बेटावर गेले आणि पहिल्याच तासात तीन माणसांवर ओरडले.

पहिला लाँचवाला. त्याने माझी बॅग ओढून घेतली, तीही नेमकी उजव्या हातातून, ज्याच्या अंगठ्याला डॉक्टरांनी पट्टा बांधला होता. दुसरी रिसेप्शनवरची मुलगी. तिचं नाव मी मनातल्या मनात हसरी ठेवलं, कारण बोलणी खातानाही तिचे दात दिसायचे. "मॅडम, एकट्याच?" असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "नाही, नवरा घडी करून बॅगेत आणलाय." तिसरा खोली दाखवणारा. पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसवले होते. त्यातला एक उचलून मी त्याच्या हातात कोंबला आणि म्हटलं, हा ज्यांना हवा असेल त्यांना द्या.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, कबूल. पण मी इथे आपणहून आले नव्हते. मला पाठवलं होतं, माझ्या धाकट्या बहिणीने. शाळेचे गणवेश शिवायचं आमचं दोघींचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मी कापड बेतायचं, तिने शिवायचं. यंदा माझ्या अंगठ्याची शीर सुजली. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे कात्री धरायची नाही. धरलीत तर ऑपरेशन, आणि नंतर हात पहिल्यासारखा चालेल याची खात्री नाही. धाकटीने मला न विचारता रिसॉर्ट ठरवलं.

"घरी राहिलीस तर दुकानात येशील, ताई. मध्ये समुद्रच पाहिजे," ती म्हणाली.

तीनशे शर्टांची ऑर्डर अंगावर, सोमवारी शाळा उघडणार, आणि हिला मध्ये समुद्र हवा होता!

"आणि बेतणार कोण?"

"मी."

मला हसू आलं. म्हटलं, बेत बाई. दोन दिवसांत कळेल.

ते दोन दिवस मी माडाखालच्या आरामखुर्चीत दात आवळून पडून होते. पाणी निळं होतं, वाळू पांढरी होती, आणि तिथल्या नोकरमाणसांच्या माडांची चित्रं छापलेल्या शर्टावर खिसा असा लावला होता की माडाचं खोड एकीकडे आणि शेंडा भलतीकडे. ज्याने कुणी तो बेतला असेल त्याला मी रोज शिव्या घालत होते. तेवढीच करमणूक.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"ताई, शर्ट लहान होतायत." धाकटीचा आवाज बसला होता.

"किती कापलेस?"

"साठ."

तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं असणार ते मला लगेच कळलं. आमचे पॅटर्न म्हणजे मी कापलेले पुठ्ठे. ते भिंतीवर खुंटीला असतात. गळ्याची, खांद्याची, सगळीकडची मार्जिन पुठ्ठ्यातच धरलेली आहे. फक्त बाजूच्या शिवणीची नाही. तिथे कडेपासून दोन बोटं जास्त कापड सोडायचं, ते मी हाताने सोडते. पुठ्ठ्यावर तसं काही लिहिलेलं नाही. धाकटीने पुठ्ठा ठेवला, कडेने खडू फिरवला आणि खडूवरून कात्री चालवली.

"बावीस वर्षं शेजारी बसतेस! डोळे काय गहाण ठेवले होतेस?"

"मी भिंतीकडे तोंड करून बसते, ताई. मशीन तिथे तूच लावलंयस."

"उजेड तिकडून येतो म्हणून!"

"तीनदा म्हटलं होतं, मला बेतायला शिकव. प्रत्येक वेळी म्हणालीस, तू शिव."

मी फोनवर इतकी कडाडले की पलीकडच्या खुर्चीतलं जोडपं उठून गेलं. "कात्रीला हात लावू नकोस. मी येते."

"तुझा अंगठा..."

"मी येते म्हटलं ना!"

बॅग भरली. हसरी म्हणाली, "मॅडम, अजून पाच दिवस आहेत तुमचे." मी म्हटलं, तुम्ही घ्या. लाँच दुपारी चारला होती. मी दोनलाच धक्क्यावर जाऊन बसले, भर उन्हात.

आता खरं सांगते. मी खूश होते. घर डोक्यावर घ्यावं तसं रिसॉर्ट डोक्यावर घेतलं होतं आणि आतून गुदगुल्या होत होत्या. बेटावर येताना लाँचमध्ये बसल्या बसल्याच मला ती दोन बोटं आठवली होती. फोन हातात होता. एका वाक्याचं काम होतं. मी तो पर्समध्ये टाकला होता आणि समुद्र बघत बसले होते.

पावणेचारला मोबाइलवर फोटो आला. शर्ट पांढराच, पण खालपासून काखेतून थेट बाहीच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना निळी पट्टी. मागोमाग धाकटीचा फोन.

"ताई, निघाली नाहीस ना? शिवण उसवून मध्ये पट्टी घातली. मुख्याध्यापिका येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, तीनशेच्या तीनशे असेच करा. तू आराम कर."

साठ शर्ट वाया गेले असते तर मला एवढा संताप आला नसता. एक तरी चूक सापडावी म्हणून मी विचारलं, "पट्टी किती इंची कापलीस?"

बावीस वर्षांत असा प्रश्न तिने विचारला असता तर मी म्हटलं असतं, तुला काय करायचंय. तिने एका दमात सांगितलं. "दोन इंची. शिवून एक उरते. पुठ्ठ्यावर मार्करने लिहून टाकलंय. उद्या मी आजारी पडले तर कुणालाही बेतता आलं पाहिजे ना?"

लाँचवाला ओरडला, "मॅडम, येताय का?" मी मान हलवली नाही. तो दोर सोडून निघून गेला.

पट्टी छान दिसत होती. मला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. दातओठ खात मी म्हटलं, "बरी दिसतेय."

फोनमधून कापडावरून चालणाऱ्या कात्रीचा आवाज येत होता. करकर, करकर, न थांबता, सरळ.

"ऐकतेयस ना?"

"हो गं. ठेवू का, ताई? हात रिकामा नाहीये माझा."