आठ दिवसांनी या

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची, पानापानावर तासांच्या रेघा आखलेली. दातांच्या दवाखान्यात कोणी कधी यायचे, हे लिहून ठेवणे माझे काम होते. तुमच्यापैकी कुणाला मोठेपणी कॅलेंडरचे सॉफ्टवेअर काढून धंदा करायचा असेल, तर त्याने माझे थोडे ऐकावे. मला दुसरे कुणी ऐकणारे नाही, हेही खरेच.

दवाखान्याच्या काउंटरवर एक काकू बसत. त्या माझ्यात शिसपेनने लिहीत, कारण माणसे वेळा बदलतात. खोडरबराने माझी काही पाने अगदी पातळ झाली होती. घाबरट माणसाच्या नावापुढे काकू टिंब देत, म्हणजे त्याला जास्त वेळ ठेवायचा. बोलघेवड्यापुढे दोन टिंबे. "वही आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि मी आतल्या आत फुगत असे.

मग एके दिवशी एक मुलगी आली. चांगली नोकरी सोडून तिने वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर बनवले होते. आमचा दवाखाना तिचे पहिले आणि एकुलते एक गिऱ्हाईक. बाकीचे दवाखाने म्हणत होते की आधी तिथे चालू दे, मग बघू. काकूंना फार काही करायचे नव्हते. "आठ दिवसांनी" असे टाइप केले की संगणक आपोआप तारीख धरी. मला खणात टाकले गेले. तिथे वाळलेली पेने होती आणि एक मोडका स्टेपलर होता. दिवसेंदिवस कुणाचा हात लागला नाही. इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते.

पुढच्याच सोमवारी बाहेर गलका ऐकू आला. बाकांवर माणसे मावेनात, आणि संगणकात त्यांतल्या निम्म्यांची नावे नाहीत. मंगळवारी उलटे झाले. नावे भरपूर, खुर्ची रिकामी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, की शनिवारपर्यंत हे जमले नाही तर वहीच बाहेर काढू. खोटे कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मुलगी धावत आली. तिने सगळे तपासले, चूक काही सापडेना. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "काकू, तुम्ही आठ दिवस लिहिलंत, त्याने आठच मोजले. सोमवारनंतर आठ दिवसांनी मंगळवार येतो."

"अगं, आठ दिवसांनी म्हणजे सोमवारचा सोमवार," काकू म्हणाल्या. "यात मोजायचं काय?"

"मग सात म्हणा ना."

"सात कोण म्हणतं? तुझी आई म्हणते?"

मुलीची आईही आठच म्हणत असणार. मग काकूंनी खण उघडून मला तिच्यापुढे ठेवले.

ती दिवसभर मला वाचत बसली. सोमवारच्या नावासमोर "आठ दिवस", आणि तेच नाव पुढच्या सोमवारी. "पंधरा दिवस", आणि बरोबर दोन आठवड्यांनी. टिंबांचा अर्थ तिने काकूंना विचारून घेतला. खोडलेल्या जागी बोट ठेवून तिथे आधी काय होते तेही विचारले. मला पहिल्या पानापासून कुणी वाचले नव्हते, सगळे फक्त आजचे पान उघडत. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता.

शुक्रवारी सॉफ्टवेअर दुरुस्त झाले. त्यात आता टिंबेसुद्धा आहेत. मुलीचा जम बसला, दुसऱ्या दवाखान्यांनीही तिला बोलावले. तिने काकूंचे आभार मानले आणि मला परत खणात ठेवले. मी जे जाणत होते ते सगळे तिने नेले होते. माझी उरलेली पाने कोरीच राहिली.

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्यांच्या वेळा सांभाळायचा धंदा काढाल, तेव्हा आधी काउंटरवरच्या माणसाशेजारी बसा आणि त्याची वही वाचा. तो कसा बोलतो ते ऐका, मगच संगणकाला शिकवा. आणि वाचून झाल्यावर वहीला खणात ठेवाल, तेव्हा तो खण थोडा उघडा राहू द्या. बाहेर कोण आले, एवढे तरी तिला ऐकू येईल.