खारफुटीच्या वाट्याच्या टिकल्या

निसर्ग माणसाला फुकटात काय काय देतो, ते नकाशावर मांडणं हा माझा धंदा. मासे, वादळात आडोसा, फिरायला जागा. किनाऱ्याचा आराखडा करायचा म्हणजे आधी सभा घ्यायची, प्रत्येकाच्या हातात मूठभर रंगीत टिकल्या द्यायच्या आणि सांगायचं, ज्या जागेचा तुम्हाला उपयोग, तिथे चिकटवा. जास्त टिकल्यांची बाजू जिंकते. पद्धत माझीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

किनाऱ्याच्या टोकाला खारफुटी आहे, आणि तिच्यामागे एकच घर. त्यात आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात. बोटींच्या नव्या धक्क्यासाठी आमच्या ऑफिसच्या साहेबांचा डोळा नेमका त्याच खारफुटीवर. ती तोडली की पहिल्याच वादळात पाणी बाबांच्या स्वयंपाकघरात. मच्छीमारांच्या मी हातापाया पडले. मासळीची पिल्लं तिथेच वाढतात म्हणून ते तयार झाले. तरी नकाशावर त्या जागेचे दोन चौकोन होते, खारफुटी आणि धक्का, आणि सामना अटीतटीचा होता. बाबांना फोन केला.

"सगळ्या टिकल्या खारफुटीवर लावा. धांदरटपणा नको."

"बरं. सभेच्या आदल्या दिवशी राहायला येतेस का?"

"बाबा, कामं आहेत हो!"

सभेला बाबा सगळ्यांच्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि एकेक करून सगळ्या टिकल्या धक्क्याच्या चौकोनात लावल्या. माझं डोकंच फिरलं.

"अहो, तो धक्का आहे! चष्मा कुठाय?"

"डोळ्यांवरच आहे. नकाशा कळतो मला."

"मग? घरात पाणी शिरेल, कळतंय का?"

"शिरू दे. कुणीतरी येईल." ते हसले, पण मला हसू आलं नाही. "धक्का झाला की बोटी लागतील, माणसं उतरतील. एखादा तरी दारात येऊन म्हणेल, काका, प्यायला पाणी मिळेल का? दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही गं."

मासे, आडोसा, फिरायला जागा. सोबतीसाठी मी रकानाच ठेवला नव्हता. वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच.

साहेब म्हणाले, मोजा. मोजल्या. धक्का जिंकला, तोही बाबांच्याच टिकल्यांनी.

हॉल रिकामा झाला तरी बाबा खुर्चीवरून उठेनात. शिपाई खुर्च्या रचत त्यांच्यापर्यंत आला, तेव्हा त्याला विचारत होते, "पुढची सभा कधी आहे हो?"