वैयक्तिक कारणास्तव

सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला पाच महिन्यांत एकाही अर्जाचं उत्तर आलं नव्हतं. इमारतींमधली पोरं त्यांना लिफ्टमामा म्हणायची. ते नाव इतकं चिकटलं होतं की बायको ज्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायची, तिथेही सगळ्या विचारायच्या, "लिफ्टमामांचं जमलं का कुठे?" बायको नुसती मान हलवायची आणि पुढचा सदरा मशीनखाली सरकवायची.

शेवटी तिनंच एका सुट्टीच्या दिवशी मोठ्या जाऊबाईंना बोलावून घेतलं. त्या एका कॉलेजच्या ऑफिसात होत्या. भरती निघाली की सगळे अर्ज आधी त्यांच्या टेबलावर यायचे. लिफ्टमामांनी बरेच आढेवेढे घेतले आणि मग एका रुग्णालयासाठी लिहिलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

वहिनींनी चष्मा लावून वाचलं. "भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत?"

"फोनवर नमुना मिळाला. त्यात माझं नाव घातलं."

"तरीच. 'मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू उमेदवार आहे.' पन्नाशी उलटल्यावर होतकरू?"

बायकोला हसू आवरेना. लिफ्टमामांनाही आलं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं.

"असली पत्रं मी ढिगानं वाचते. तिसऱ्या ओळीला जांभई येते. अहो, यात लिफ्ट हा शब्द फक्त विषयात आहे. आणि हे काय, 'वैयक्तिक कारणास्तव मागील नोकरी सोडली'? हे वाचलं की आम्हाला हमखास वाटतं, काहीतरी काळंबेरं आहे."

लिफ्टमामा पत्राची घडी घालायला लागले. बायको हलकेच म्हणाली, "सांगून टाका ना. मलासुद्धा अर्धवटच सांगितलंय तुम्ही."

मग त्यांनी सांगितलं. जुन्या साहेबानं एका दुपारी सहा इमारतींचे तपासणीचे कागद पुढे टाकले होते. सह्या कर आणि मोकळा हो, म्हणाला. लिफ्टमामांनी त्यातल्या दोनच लिफ्ट तपासल्या होत्या. त्यांनी दोन सह्या केल्या आणि चार कागद कोरे परत दिले. दुसऱ्या दिवशी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"काढून टाकलं म्हटलं तर कोण ठेवेल मला? आणि कारण सांगितलं तर म्हणतील, भांडखोर दिसतोय."

वहिनींनी चष्मा काढला. "मी कामाला माणूस घेत असते, तर याच कारणासाठी घेतलं असतं. तेच लिहा. कंपनीचं नाव नको, साहेबाच्या नावानं बोटं मोडणं नको. घडलं तेवढंच. आणि मला सांगा, त्या रुग्णालयाची लिफ्ट पाहिलीत का तुम्ही?"

"नाही."

"मग पत्र कसलं लिहिताय? आधी जाऊन या."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमामा भेटीच्या वेळेत रुग्णालयात गेले. हातात काही असावं म्हणून चार संत्री घेतली. रुग्णांच्या खाटा नेणाऱ्या मोठ्या लिफ्टमधून ते तीनदा वर गेले, तीनदा खाली आले. चौथ्यांदा लिफ्टवाल्यानं विचारलं, "काका, पेशंट सापडत नाही का?" त्यांनी संत्री त्यालाच देऊन टाकली आणि घर गाठलं.

पत्र लिहायला पूर्ण सकाळ गेली. दोनदा वहिनींना फोन झाला. "पान भरलं नाही," अशी लिफ्टमामांची तक्रार होती. "भरायचं नसतंच," वहिनी म्हणाल्या. शेवटी पत्र झालं ते असं:

"आपल्या रुग्णालयाची मोठी लिफ्ट खाली येताना तिसऱ्या मजल्यावर बोटभर खाली थांबते. खाट बाहेर काढताना चाकाला धक्का बसतो आणि तो रुग्णाला लागतो. ब्रेकचे पट्टे झिजले असावेत. उघडून पाहिल्यावर नक्की सांगता येईल. सव्वीस वर्षं मी हेच काम करत आलो आहे. त्यातली नऊ वर्षं अशाच जुन्या बनावटीच्या लिफ्टवर गेली. न तपासलेल्या चार लिफ्टच्या कागदांवर सही करायला मी नकार दिला, म्हणून मागची नोकरी गेली. प्रत्यक्ष काम दाखवायला बोलवाल त्या दिवशी येईन."

बायकोनं ते मोठ्यानं वाचलं. "आता तुमच्यासारखं वाटतंय," एवढंच म्हणाली. पत्र पाठवल्यावर लिफ्टमामांनी पाठ टेकली आणि भरदुपारी चक्क घोरायला लागले. नोकरी लागली नव्हती, पण पाच महिने 'वैयक्तिक कारणं' गिळून बसलेला घसा मोकळा झाला होता.

नऊ दिवस काहीच हललं नाही. दहाव्या दिवशी बोलावणं आलं.

देखभाल विभागाच्या प्रमुख इंजिनिअरबाई लिफ्टमामांच्या मुलीएवढ्याच वयाच्या असतील. त्यांच्या टेबलावर ते पत्र होतं आणि पहिल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

"तिसऱ्या मजल्याबद्दल नर्स वर्षभर ओरडतायत," बाई म्हणाल्या. "एकच विचारायचं होतं. त्या चार इमारतींचं पुढे काय झालं?"

हा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "नोकरी गेल्यावर चारही ठिकाणी जाऊन सांगून आलो, तुमची तपासणी राहिली आहे म्हणून. दोघांनी लगेच दुसरा माणूस बोलावला. दोघांनी चहा पाजून वाटेला लावलं. तिथे मी महिन्याभरानं पुन्हा गेलो."

"पुन्हा?"

"चहा बरा होता."

बाई खळखळून हसल्या. मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या. "चला, मशीनरूम दाखवते. ब्रेक उघडून बघा."

पट्टे खरंच झिजलेले होते. हात काळे झाले, तेव्हा बाईंनी पुसायला फडकं दिलं आणि विचारलं, "सोमवारपासून जमेल?"

लिफ्टमामा खाली आले आणि फाटकाजवळच्या बाकावर बसले. जीव भांड्यात पडला होता. त्यांनी दुकानात फोन लावला. पलीकडून चार मशिनींचा खडखडाट आला.

"काय म्हणताय? ऐकू येत नाही!"

"जमलं!" ते ओरडले. बाजूची माणसं वळून पाहायला लागली.

"थांबा," बायको म्हणाली, "मशीन बंद करते."

मग एकेक करत चारही मशिनी थांबल्या.