बेचाळीस मिलिमीटर

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्यात. आमच्याच भजनी मंडळातल्या आकारामची कथा सांगतो.

तर आकाराम कारकुनाच्या टेबलापुढे उभा होता आणि दहादा सांगितले तरी खुर्चीवर टेकत नव्हता. दोन हजार पाच साल, मार्च महिना, हातकणंगल्याची सरकारी कचेरी.

"मामा, पुन्हा एकदा सांगा," कारकून उदयसिंह म्हणाला. "तुमचा कुठला आकडा खोटा हाय?"

"अठ्ठ्याऐंशी साल. जुलैची नऊ तारीख. बेचाळीस मिलिमीटर."

"सतरा वर्सं झाली की वं!"

"म्हणूनच आलोय. एकतीसला रिटायर हुतोय. पुन्हा मला वही कोण दावणार?"

आकाराम पेठ वडगावजवळच्या सरकारी रोपवाटिकेचा पहारेकरी, बिऱ्हाडही तिथल्याच खोलीत. तिथे पाऊस मोजायचे यंत्र होते. वर नरसाळे, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचे, आकडा वहीत लिहायचा आणि कचेरीला फोनवर कळवायचा. भर उन्हाळ्यातही जायचे, बाटली उपडी करायची आणि शून्य लिहायचे. एकतीस वर्षांत एकही खाडा नाही. म्हणून निरोपाच्या दिवशी कचेरी त्याला शाल आणि मानपत्र देणार होती. मानपत्र उदयसिंहानेच लिहिले होते.

शाल पांघरून तो सुखाने घरी गेला असता. पण महिन्यापूर्वी वडगावच्या वाचनालयात भूगोलाचे तरुण प्राध्यापक प्रसेनजीत बोलायला आले. धूर कमी करायचा जगाचा करार, जपानातल्या क्योटो शहरात झालेला, नुकताच लागू झाला होता. आम्ही आपले कीर्तन समजून पुढेच जाऊन बसलो. आणि माणूस रंगवून सांगत होता हो! तापणारी पृथ्वी, धुरांडी, कोणत्या देशाने किती धूर कमी करायचा... अमेरिका करारात नाही म्हटल्यावर मागून आमच्या मंडळातला पिराजी ओरडला, "म्हंजे पंगतीला फुडं, आन् पत्रावळ्या उचलायच्या येळंला गायब!"

सभा हसली. आकाराम हात वर करून उठला. "पर सर, पाऊस बदललाय हे त्यास्नी कळतंय कशावरनं?"

"तुमच्यासारख्यांच्या वह्यांवरून, काका. गावोगावचे आकडे गोळा होतात, त्यांचे देशाचे होतात, मग जगाचे. त्यावर मोठमोठे देश भांडत बसतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकाराम मात्र उभाच राहिला. शेजाऱ्याने सदरा ओढला तेव्हा बसला.

त्या दिवसापासून भजनात त्याचा टाळ चुकू लागला. त्याची बायको बनाबाई देवळात मला म्हणाली, "ताटावरनं उठत्यात आन् अंगणात येरझाऱ्या घालत्यात. इचारलं तर म्हणत्यात, माझा आकडा जपानपातुर गेला असंल."

शेवटी तो कॉलेजात जाऊन प्रसेनजीतांना भेटला. "सर, एखादा आकडा अंदाजानं लिवला तर काय हुतंय?"

"एकानं जगाचं काही बिघडत नाही, काका. पण मोजलं नसेल तर जागा रिकामी सोडावी. रिकामी जागा निदान खोटं बोलत नाही."

तिथून तो थेट हातकणंगल्याच्या गाडीत बसला.

उदयसिंहाने जुनी गठडी सोडली, धूळ झटकली. "पर मामा, त्या दिवशी झालं काय हुतं?"

"आई गेली माझी. सोनूबाई." आकारामने टेबलाची कड धरली. "सकाळी आठाला घरघर लागली. पाणी पाणी कराय लागली. घरात गंगा न्हवती. ती कायम म्हणायची, भुईला न शिवलेलं पाणी गंगंवानीच. बाहेर पाऊस कोसळत हुता. मी पळत गेलो, यंत्रातली बाटली काढली आन् तिच्या तोंडाला लावली. दोन घोट घेतलं तिनं. उरलेलं बनानं तिच्या तोंडावरनं, केसावरनं फिरवलं. बाटली रिकामी झाली तवा ध्येनात आलं, मोजायचंच ऱ्हायलं. तेवढ्यात कचेरीचा फोन वाजला. आकडा सांगा म्हणाले. आदल्या दिवशी अडतीस हुता. मी बेचाळीस म्हणून मोकळा झालो."

उदयसिंहाने गठडीतून अठ्ठ्याऐंशीची वही काढली आणि ते पान उघडले. मग हळू आवाजात म्हणाला, "असं करू. शेजारच्या गावचा आकडा हितं भरू. कुणाला कळतंय?"

"त्यो त्यांचा पाऊस."

"खोडलं तर खाडा पडतोय, मामा. मानपत्र रद्द. शालबी जाईल."

"व्हय. खोडा."

लाल शाईची रेघ बेचाळीसवरून गेली. "शेऱ्यात काय लिवू?"

"लिवा, पाऊस पडला. मोजला न्हाय."

मग आकाराम खुर्चीवर बसला. उदयसिंहाने तांब्या पुढे केला, तो त्याने एका दमात संपवला.

एकतीस मार्चला साडेआठ वाजता त्याने बाटली उपडी केली, शून्य लिहिले आणि किल्ल्या साहेबांच्या हाती दिल्या. चहा झाला, नारळ मिळाला. संध्याकाळी भजनात टाळ बरोबर पडत होता.

मंडळी, सोनूबाई उभा जन्म दुसऱ्याच्या बांधावर खुरपत गेली. तिच्या नावावर वावर नव्हते, घर नव्हते. उद्या कोणी थोर माणूस तुम्हांला जगाच्या पावसाचा हिशेब सांगू लागला, तर आदराने ऐका. फक्त त्यात आमच्या वडगावचा एक दिवस कमी आहे, एवढे मनात असू द्या. त्या दिवसाचा पाऊस सोनूबाई प्यायली. तिची आठवण ठेवा.